चिनहटमधला अरबी समुद्र

चंद्रप्रभाताईंना वास येत नव्हता, आणि ही गोष्ट आमच्या अख्ख्या लॅबमध्ये फक्त मला माहीत होती. हे आधीच सांगून टाकतो. पाल्हाळ लावून शेवटी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बघा, लपवत होता. लपवलं मी पुष्कळ, पण आता नाही लपवायचं असं ठरवलंय.

मी अभिराम, लॅबमधला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. वडील एअरफोर्समध्ये कॉर्पोरल, मूळ साताऱ्याकडचे. बदली होऊन लखनौजवळ बख्शी का तालाबला आले आणि रिटायर झाल्यावर तिथेच घर बांधून राहिले. आमच्या घरात मराठी, बाहेर हिंदी आणि भांडताना दोन्ही. तोंडाचा मी फटकळ आहे, हे लॅबमधला कुणीही सांगेल. ताई म्हणायच्या, बाकी सगळी यंत्रं दुरुस्त करतोस, स्वतःच्या जिभेला एक रेग्युलेटर बसवून घे.

आमची लॅब चिनहटला, फैजाबाद रोडपासून आत, एका बिस्किटांच्या कारखान्याच्या पाठीला. संस्था खाजगी आहे, नाव सांगत नाही. समुद्राच्या ज्या थरांत ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, तिथे कोणते सूक्ष्मजीव राहतात, काय खातात, श्वास कशावर घेतात, हे आम्ही बघतो. लखनौत समुद्र कुठला हो, असं प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं प्रत्येकाला वाटतं. अहो, त्या जंतूंना काय ठाऊक लखनौ कुठे आणि समुद्र कुठे. त्यांना खारं पाणी हवं, अंधार हवा आणि हवा नको. एवढं मिळालं की ते चिनहटमध्येही सुखाने राहतात.

ताई अकोल्याच्या. लग्न होऊन इकडे आल्या. लक्ष्मीकांत दाजी रेल्वेत इंजिनिअर, घर निशातगंजच्या पाचव्या गल्लीत. ताईंनी बी.एस्सी. केलेलं, म्हणून आमच्याकडे टेक्निशियन म्हणून लागल्या, आणि समुद्र म्हणाल तर आयुष्यात एकदाच पाहिला. २०१३ साली एका संशोधनाच्या जहाजावर लॅबमधलं एक माणूस पाठवायचं होतं. ज्यांची नावं होती, त्यातल्या एकाची आई आजारी पडली, दुसऱ्याची पाठ धरली. ताई म्हणाल्या, मी जाते. अकरा दिवस जहाजावर उलट्या केल्या आणि उलट्यांच्या मधल्या वेळात चारशे मीटर खालचा काळा चिखल आणि पाणी बाटल्यांमध्ये भरलं. बाटलीत हवेचा एक बुडबुडासुद्धा जाऊ द्यायचा नसतो. गेला तर आतले निम्मे जीव खलास. बर्फाच्या पेट्या घेऊन रेल्वेने परत आल्या, तेव्हा सहा किलो वजन उतरलेलं होतं. पण एकाही बाटलीत बुडबुडा नव्हता.

त्या चिखलातून आमची टाकी उभी राहिली. तीनशे लिटरची, स्टीलची, एका बाजूला ताटाएवढी काचेची खिडकी. वरून झाकण पक्कं, फक्त एक बारीक नळी वायू बाहेर जाण्यासाठी. कुणीतरी मार्करने तिच्यावर 'अरब सागर' असं लिहिलं होतं, ते कुणी पुसलं नाही. त्यातल्या सूक्ष्मजीवांना ताई 'मंडळी' म्हणायच्या. सकाळी आल्या आल्या पर्स ठेवायच्या आधी, मंडळी उठली का, असं विचारायच्या. अकरा वर्षं त्यांनी ती मंडळी जगवली. डायरेक्टर दोन बदलले, प्रोजेक्ट तीनदा बंद पडता पडता वाचला, टाकी चालूच राहिली.

आता ही मंडळी काय चीज आहे ते थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी काही शास्त्रज्ञ नाही. ताईंनी मला जसं सांगितलं तसं सांगतो. घरात साजूक तूप आहे तोवर डालड्याला कोण हात लावतो? तसंच यांचं. पाण्यात ऑक्सिजन आहे तोवर ऑक्सिजनवर श्वास घेणाऱ्यांचं राज्य. तो संपला की नायट्रेटवाले पुढे येतात. नायट्रेटही संपलं, की मग सगळ्यात खालचे उठतात. ते सल्फेटवर जगतात, आणि समुद्रात सल्फेट कधीच संपत नाही. हे जगायला लागले की यांच्या श्वासातून सडक्या अंड्याच्या वासाचा वायू निघतो. तो विषारी असतो.

टाकीत हे तिन्ही प्रकार एकत्र नांदत होते. सगळ्यात खालच्यांना झोपवून ठेवायला एका छोट्या पंपाने थेंब थेंब नायट्रेट सोडलेलं असायचं. तळातून नायट्रोजनचे बुडबुडे येत राहायचे, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. आणि खोलीत जे काही निघेल ते बाहेर फेकायला भिंतीत एक मोठा पंखा. पंप, बुडबुडे आणि पंखा, तिन्ही विजेवर.

वेदिका नावाची एक मुलगी या टाकीवर पीएच.डी. करत होती. वडील रेल्वेत ऑफिसर, जन्म लखनौचाच. मराठी सगळं समजायची, बोलायची हिंदीत. ताई मराठीत विचारायच्या, ही हिंदीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं तासन्‌तास छान चालायचं. मागच्या थंडीत तिने नायट्रेट अर्ध्यावर आणून बघितलं आणि मंडळींची मोजदाद केली. आठ दिवसांत खालच्यांची संख्या चौपट. तो कागद घेऊन ती आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

ताईंनी कागद बघितला आणि म्हणाल्या, "हे मेलेले नसतात गं. हे वाट बघत असतात."

मग वेदिका मला समजावत होती, की अरबी समुद्रात शेकडो मीटर जाडीचा असा थर पसरलेला आहे, वर निळं पाणी, मासे, होड्या, सगळं मजेत, आणि खाली नायट्रेटच्या आधारावर सगळं तोललेलं. पाणी तापत चाललंय, तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, हा थर आणखी पसरेल असं पुष्कळांना वाटतं. 'सोचिए सर, अगर वहाँ भी नाइट्रेट खत्म हुआ तो,' असं ती म्हणाली. मी म्हटलं, आपण सोचून काय करणार, आपण गोमतीवाले. पण त्या दिवशी मी टाकीच्या खिडकीशी थांबून आत बघितलं. आत काही दिसत नाही, नुसता काळा चिखल. तो काहीच करत नव्हता, हेच मला आवडलं नाही.

आता नाकाची गोष्ट. त्या वायूचं एक वैशिष्ट्य आहे. थोडा असला की भयंकर वास येतो, माणूस पळत सुटतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास येईनासा होतो, माणसाला वाटतं, गेला वाटतं, आणि तो तिथेच उभा राहतो. म्हणून अशा खोलीत नाकावर कधीही विसंबायचं नसतं. हे खोलीच्या दारावर लाल अक्षरांत लिहिलेलं आहे, हिंदीत आणि इंग्रजीत. आणि त्या पाटीखाली उभे राहून आम्ही सगळे शहाणे रोज ताईंच्या नाकावर विसंबत होतो. वास मारतोय तोवर आपण जिवंत आहोत, अशी काहीतरी आमची समजूत होती. अकरा वर्षांत काही झालं नव्हतं ना.

ती एक पद्धतच पडली होती. सकाळी ताई दार उघडायच्या, उंबऱ्यावर थांबायच्या, मान पुढे काढून दोनदा श्वास घ्यायच्या. आम्ही मागे उभे. ताईंनी 'चला' म्हटलं की सगळे आत. नाही म्हटलं तर पंखा आणखी अर्धा तास. ताईंचं नाक म्हणजे नाक होतं. शेजारच्या कारखान्यात आज वेलचीची बिस्किटं भाजतायत की जिऱ्याची, हे त्या गेटवरच सांगायच्या. बाटलीचं बूच उघडलं की मशीनच्या आधी सांगायच्या, खालचे उठलेत. आणि आठ वेळा मशीन तेच म्हणालेलं मी स्वतः बघितलंय.

भिंतीवर गॅसचा अलार्म होता की. पण तो बाटली उघडली तरी बोंबलायचा. दिवसातून दहा वेळा. वेदिका म्हणायची, सर कुछ कीजिए, डायरेक्टर म्हणायचे, फोनवर बोलता येत नाही. शेवटी वैतागून मी दिवाळीच्या आधी एके दिवशी त्याची वायर काढली आणि 'दुरुस्तीसाठी बंद' अशी चिठ्ठी लावली. आतला सेन्सर जुना झाला होता, हे खरं होतं. बदलायला हवा होता, हेही खरं होतं. पण कुणी विचारलं नाही आणि मी मनावर घेतलं नाही. ताई होत्या ना.

फेब्रुवारीतली गोष्ट. मी एका फ्रीजचं काम करायला त्या बाजूला गेलो, तर टाकीच्या खोलीबाहेरच्या छोट्या खोलीत भपकारा. नाक धरून मागे सरलो. ताई आत टेबलाशी बसून शांतपणे बाटल्यांवर लेबलं चिकटवत होत्या. मी ओरडलो, ताई, वास केवढा येतोय. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, हो, आत्ताच उघडली ना बाटली. मी विचारलं, कोणती? त्यांनी समोरची दाखवली. समोरचीचं बूच घट्ट होतं. फुटलेली बाटली त्यांच्या पायाशी रॅकखाली होती, काळं पाणी फरशीवरून त्यांच्या चपलेपर्यंत आलेलं.

दारं-खिडक्या उघडून झाल्यावर आम्ही दोघं मागच्या अंगणात जाऊन बसलो, तेव्हा त्यांनी खरं सांगितलं. कोविडमध्ये सगळ्यांसारखा त्यांचाही वास गेला होता. महिन्याभराने परत आला, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, बिस्किटंही पुन्हा ओळखायला लागल्या होत्या. तो परत आलाच नव्हता. बिस्किटं त्या अंदाजाने सांगायच्या, आणि चार वर्षांत कुणी जाऊन पडताळलं नव्हतं.

मग रोज दारात काय हुंगता, असं मी विचारलं. त्यांनी नाइलाजाने दाखवलं. दाराच्या आत, चौकटीला, आम्हाला दिसणार नाही असं दोऱ्याला एक चांदीचं जोडवं टांगलेलं होतं. स्वतःच्या पायातलं. तो वायू चांदीला काळं करतो. रात्रभरात जोडवं काळं पडलं असेल तर नाही, पांढरं असेल तर चला. रोज संध्याकाळी त्या ते रांगोळीने घासून पुन्हा टांगायच्या. मान पुढे काढून त्या वास घेत नव्हत्या, जोडवं बघत होत्या. मला हसावं की रडावं कळेना. चार वर्षं आम्ही सगळे एका जोडव्याच्या भरवशावर आत-बाहेर करत होतो.

मी चिडलो. चिडलो म्हणजे वाट्टेल ते बोललो. त्या ऐकून घेत राहिल्या. मग म्हणाल्या, "येत्या जानेवारीत मी रिटायर होतेय. हे कळलं तर उद्यापासून मला त्या खोलीत पाऊल टाकू देणार नाहीत, आणि टाकी पंधरा दिवसांत रिकामी करतील. डायरेक्टरांना ती खोली हवीच आहे. वेदिकाची पीएच.डी. तिथेच संपेल. तिला अजून टाकी एकटीला सांभाळता येत नाही रे. तेवढं शिकवू दे मला."

यात खोटं काही नव्हतं. डायरेक्टर उघड उघड म्हणायचे की या चिखलापेक्षा माती तपासण्याची कामं घेऊ. आणि वेदिका हुशार असली तरी तिचा हात अजून कापायचा. पण माझं उत्तर ठरलेलं असायला हवं होतं, की ताई, तुमच्या जिवापुढे कसली टाकी. मी तसं म्हणालो नाही. मला ताईंबद्दल आदर वाटायचा, आणि ज्याच्याबद्दल आदर वाटतो त्या माणसाला नाही म्हणणं मला जमत नाही, बाकी जगाला शिव्या देतो मी. म्हणून मी मधला मार्ग काढला. म्हटलं, अलार्म दुरुस्त करतो. नवा सेन्सर बसवला की नाकाचा प्रश्नच मिटला, कुणाला काही सांगायलाही नको. आठवड्यात लावतो.

ताईंच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्या म्हणाल्या, तेवढं कर बाबा.

आठवड्यात नाही झालं. सेन्सर मागवायलाच मार्च उजाडला, कारण स्टोअरवाल्याशी माझं कशावरून तरी वाजलं होतं आणि मी त्याच्याकडे जाणार नव्हतो. सेन्सर आला एप्रिलच्या मध्यावर. तो बसवल्यावर ठरावीक गॅस सोडून तपासावा लागतो, त्या गॅसची बाटली यायला मे लागला. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसवर, सगळीकडचे एसी एकदम बसले, मी एसीमागे धावत होतो. ही सगळी कारणं खरी आहेत. पण जूनच्या पहिल्या तारखेला सेन्सरही माझ्या टेबलावर होता आणि गॅसची बाटलीही. काम किती, तर चाळीस मिनिटांचं. ताई अधूनमधून नुसतं बघायच्या माझ्याकडे, विचारायच्या नाहीत. मी म्हणायचो, होतंय ताई. त्या म्हणायच्या, हो रे, घाई नाही.

त्यांचं बघणं मला टोचायला लागलं होतं, म्हणून मी त्यांच्या खोलीकडे जाणंच कमी केलं.

जूनमधल्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी आंधी आली. झाडं पडली, इंडस्ट्रियल एरियाचा ट्रान्सफॉर्मर गेला. शनिवारी येतो, रविवारी येतो करत करत मंगळवार उजाडला. आमचा जनरेटर लहान, त्यावर फक्त फ्रीज आणि ऑफिस चालायचं. टाकीचा पंप बंद, बुडबुडे बंद, पंखा बंद. म्हणजे चार दिवस नायट्रेटचा एक थेंब आत गेला नव्हता. ताई शनिवारी आणि सोमवारी दोन्ही दिवस येऊन खिडकीतून बघून गेल्या. सोमवारी मला म्हणाल्या, मंडळी उठणार रे आता. मी म्हटलं, लाइट आली की आधी पंखा चालू करूनच बुडबुडे सोडायचे. त्या म्हणाल्या, मला शिकवतोस होय.

मंगळवार म्हणजे शेवटचा बडा मंगल. जेठ महिन्यातल्या मंगळवारी लखनौत दर पन्नास पावलांवर भंडारा असतो, रस्त्यात अडवून अडवून पुरी-सब्जी आणि सरबत देतात. आमच्या गल्लीतला भंडारा बिस्किटवाले आणि आम्ही मिळून घालतो. सकाळी दहा वाजता मी सेन्सर खिशात घातला, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि खरोखर ताईंच्या खोलीकडे निघालो. वाटेत कुणीतरी हाक मारली, भैया, सरबताचे पिंप उचलायला माणूस नाही. मी मनाशी म्हटलं, लाइट तर आलेली नाही, वीज नसताना अलार्म बसवून तपासणार कसा? हे म्हणणं बरोबरच होतं. बरोबर होतं म्हणूनच मला इतकं हायसं वाटलं. मी पिंप उचलायला गेलो आणि दोन तास सरबत वाटत उभा राहिलो, सेन्सर खिशातच.

पुढचं वेदिकाने सांगितलं ते सांगतो. ताई साडेअकराला खोलीशी आल्या. दार उघडलं, मान पुढे काढली. जोडव्याचं वेदिकाला ठाऊक नाही, पण ते पांढरं स्वच्छ होतं. असणारच. बुडबुडे बंद होते, चार दिवसांचा सगळा वायू टाकीतल्या पाण्यातच मुरून बसला होता, खोलीत फारसा आलाच नव्हता. ज्याच्या नाकाला थोडासा का होईना वास आला असता, तो थबकला असता. ताईंना जोडवं पांढरं दिसलं. तरी त्यांनी वेदिकाला आत घेतलं नाही. म्हणाल्या, मी हाताने थोडं नायट्रेट टाकून बघते, मी चला म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. दार लोटलं, कारण बाहेरची हवा आत नको.

पावणेबाराला लाइट आली. गल्लीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. लाइट आली की बुडबुड्यांचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो. पंखा आपोआप सुरू होत नाही. त्याचं बटण बाहेर, पॅनेलवर, हाताने दाबावं लागतं. ते तसं का आहे, असं मला नंतर चौकशी कमिटीने विचारलं. मीच तसं केलं होतं, दोन वर्षांपूर्वी, लाइट आल्या आल्या मोटर जळू नये म्हणून. सोमवारी मी ताईंना म्हणालो होतो ना, आधी पंखा. पण वीज येण्याच्या क्षणी त्या आत असतील, हे ना त्यांच्या डोक्यात आलं ना माझ्या.

बुडबुड्यांनी पाण्यात मुरलेला वायू एकदम बाहेर ढकलला, टाकी उकळावी तशी झाली असणार. वेदिकाला दाराच्या काचेतून ताई टाकीशी वाकलेल्या दिसल्या, मग गुडघ्यावर बसलेल्या. खिडकीतून बघतायत असं तिला वाटलं. तिने वाट बघितली. किती वेळ, असं विचारलं की ती अजून रडते. ताईंचं वाक्य तिने पाळलं, म्हणून ती आज आहे. मग ती भंडाऱ्याकडे पळत आली आणि नुसती माझी बाही ओढत राहिली.

मी धावलो. पंखा लावला, बुडबुड्यांचा मुख्य कॉक बाहेरून बंद केला, श्वास रोखून आत गेलो, ताईंना काखेत धरून ओढत बाहेर आणलं. हात अजून गरम होते. ॲम्ब्युलन्स भंडाऱ्यांच्या गर्दीत अडकली. तिला लवकर येता आलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. ते त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं, बहुतेक मला बरं वाटावं म्हणून.

कमिटी बसली. त्यांनी अलार्मचं विचारलं, मी सेन्सर मागवल्याचे आणि आल्याचे कागद दाखवले. त्यांनी लिहिलं, उपकरणाची दुरुस्ती प्रगतिपथावर होती. मग विचारलं, मॅडमना वास कसा आला नाही, नाकाचा काही त्रास होता याची कुणाला कल्पना होती का. वेदिका नाही म्हणाली, ते खरं होतं. मीही नाही म्हणालो. उरलेला वायू मारायला टाकीत लोखंडाची पूड टाकून ती रिकामी केली, अकरा वर्षांचा चिखल काळ्या पिशव्यांत भरून नेला. त्या दिवशी मी रजा घेतली.

तेराव्यानंतर आठेक दिवसांनी लक्ष्मीकांत दाजी लॅबमध्ये आले, ताईंचा डबा आणि चष्मा न्यायला. मी त्यांना माझ्या वर्कशॉपमध्ये बसवलं, चहा मागवला. दाजी मुळात कमी बोलणारे. चहा तसाच धरून बसले. मला वाटत होतं, यांना नाकाचं ठाऊक नसेल, आणि मी प्रार्थना करत होतो की नसावं.

ते म्हणाले, "चार वर्षं घरात दूध नासलंय की नाही ते मीच बघायचो. फोडणी जळली तर मीच सांगायचो. मी तिला म्हणायचो, तू त्या खोलीत जाऊ नकोस, नाहीतर मी तुझ्या डायरेक्टरला फोन करतो. फेब्रुवारीत खरंच करणार होतो. नंबर काढून बसलो होतो. तर ती म्हणाली, अहो, आता काळजी सोडा, अभिरामला सगळं सांगितलंय, तो बघतोय. म्हणून मी फोन ठेवला."

मी ताईंचा चष्मा डब्याशेजारी नीट ठेवला.

"तुझं नाव घेतलं म्हणून मी निर्धास्त झालो बघ," ते म्हणाले. "तू बघत होतास ना रे?"

त्या प्रश्नात काही खोच नव्हती. त्यांना खरंच माझ्याकडून हो ऐकायचं होतं, म्हणजे मग जे झालं ते नशिबावर टाकून त्यांना घरी जाता आलं असतं.

"हो दाजी," मी म्हणालो. "रोज बघत होतो."

त्यांनी मान हलवली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.